‘द ब्रदर्स करमाझोव्ह’: दस्तयेव्हस्कीची श्रद्धा नेमकी कोणाच्या तोंडून बोलते?

ही कादंबरी हातात घेणारे पुष्कळ जण खरं तर एकाच प्रकरणासाठी ती घेतात. पाचव्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण, ‘ग्रँड इन्क्विझिटर’. ते सुटं छापलेलंही मिळतं, अभ्यासक्रमांत लावलं जातं, आणि त्यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दस्तयेव्हस्की मनातून नास्तिकच होता, कारण नास्तिकाचा युक्तिवाद त्याने इतका जबरदस्त लिहिला. दुसरा तट लगेच सहावं पुस्तक उघडतो आणि झोसिमा या वृद्ध साधूच्या उपदेशावर बोट ठेवतो: बघा, हा लेखकाचा आवाज. दोघांचीही गल्लत एकच आहे. लेखक कुठल्या तरी एका पात्राच्या तोंडून बोलत असणार, असं ते धरून चालतात. या कादंबरीत श्रद्धेचं काम मुख्यतः निवेदकाकडे आणि रचनेकडे सोपवलेलं आहे. ते काम कसं चालतं, कुठे अडतं आणि कोणत्या प्रतीत ते नीट दिसतं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण.

आधी गोष्ट दोन ओळींत: करमाझोव्ह घरातल्या बापाचा खून होतो आणि आरोप थोरल्या मीत्यावर येतो. मधला इव्हान नास्तिक विचारवंत, धाकटा अल्योशा मठात झोसिमाचा शिष्य, आणि स्मेरद्याकोव्ह घरातला नोकर. आता बांधणी. चार भाग, प्रत्येक भागात तीन ‘पुस्तकं’, म्हणजे एकूण बारा, आणि शेवटी उपसंहार. बहुतेक आवृत्त्या साधारण आठशे पानांच्या. ‘रूस्की व्येस्तनिक’ या मासिकात जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात ती क्रमशः आली आणि जानेवारी १८८१ च्या अखेरीस लेखक गेला. सुरुवातीला योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन आहे (१२:२४): गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. त्यामागोमाग ‘लेखकाकडून’ नावाचं छोटं प्रास्ताविक. घाईत असलेले वाचक ते ओलांडून जातात आणि तिथेच पहिली चूक होते.

कारण प्रास्ताविकात बोलणारा ‘लेखक’ हा दस्तयेव्हस्की नव्हे. तो गावातला एक बिननावाचा रहिवासी आहे. आपला नायक अल्योशा विक्षिप्त वाटेल याची त्याला धास्ती आहे. ही एकच गोष्ट दोन कादंबऱ्यांत सांगायची आहे आणि महत्त्वाची ती दुसरी, असं तो बजावतो (दुसरी कधी लिहिलीच गेली नाही). आणि शेवटी, हे प्रास्ताविक अनावश्यक आहे हे मान्य, पण आता लिहून झालंय तर राहू दे, असं म्हणून मोकळा होतो. पुढे आठशे पानं हाच माणूस आपल्याशी बोलतो. चाचरत, ‘कसंसं’, ‘जणू’, ‘म्हणे’ असे शब्द पेरत, मध्येच गावगप्पा सांगत. गावाचं नाव तो पार अकराव्या पुस्तकापर्यंत लपवतो आणि मग ओशाळून एकदाच सांगतो: स्कोतोप्रिगोन्येव्स्क. खटल्याच्या वेळी तो कोर्टात हजर असतो, पण सगळं लक्षात ठेवणं आपल्याला जमलं नाही, अशी कबुली आधीच देऊन टाकतो. बखरकार म्हणून हा गृहस्थ फारसा भरवशाचा नाही, आणि ते मुद्दाम आहे. हाच माणूस इव्हान आणि अल्योशा खानावळीत दोघंच बसून काय बोलले तेही शब्दशः सांगतो. कसं कळलं, ते सांगत नाही. या विसंगतीवर अडून बसण्यात अर्थ नाही. तो कुठे छातीठोक बोलतो आणि कुठे ‘त्याने नंतर सांगितलं’ म्हणून बाजूला होतो, एवढं मात्र पेन्सिलीने खुणावत जावं. हा हिशेब ठेवला की कादंबरीचा निम्मा धर्मविचार उलगडतो.

दोन जागा ताडून पाहाव्यात. पहिली आठव्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात. रात्रीच्या अंधारात मीत्या बापाच्या बागेत दडून उभा आहे, बाप खिडकीतून वाकून बाहेर बघतोय, मीत्याच्या मनात किळस दाटून आलीय, तो खिशातून पितळेचा बत्ता काढतो. इथे निवेदक वाक्य तोडतो आणि ओळभर टिंबं देतो. पुढचं वाक्य असं की देवाने तेव्हा आपल्याला सांभाळलं, असं मीत्या स्वतः नंतर म्हणत असे. दुसरी जागा सातव्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात, ‘गालीलातील काना’. झोसिमाच्या शवपेटीजवळ शुभवर्तमानाचं वाचन चाललेलं असताना अल्योशाचा डोळा लागतो, स्वप्नात लग्नाची पंगत दिसते, जागा होऊन तो बाहेर येतो आणि चांदण्याखाली जमिनीला मिठी मारतो. त्या क्षणी कोणीतरी माझ्या आत्म्याला भेटून गेलं, असं तो पुढे सांगत असे. दोन्हीकडे युक्ती तीच. कादंबरीतल्या दोन सर्वांत मोठ्या कृपाप्रसंगी निवेदक स्वतः ‘देव’ म्हणत नाही. ज्याला अनुभव आला त्याची साक्ष नोंदवतो, तीही मागाहून दिलेली. मीत्याची साक्ष तर आरोपीची साक्ष आहे आणि कोर्ट ती मानत नाही. वाचकाने मानावी की नाही, हा प्रश्न लेखक उघडा ठेवतो, आणि प्रश्न असा उघडा राहतो म्हणूनच श्रद्धेला इथे काही किंमत उरते.

नास्तिक बाजूलाही हाच नियम लागू केलाय, हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं. अकराव्या पुस्तकात इव्हानला सैतान भेटतो. जुन्या कापडाचा, कधीकाळी फॅशनमध्ये असलेला कोट घातलेला, सांधेदुखीची तक्रार करणारा सैतान. त्या प्रकरणाची सुरुवात निवेदक, मी डॉक्टर नाही पण, अशा थाटात करतो आणि इव्हानच्या मेंदूज्वराचं स्पष्टीकरण आधीच देऊन ठेवतो. भेटीच्या भरात इव्हान पेला फेकून मारतो. नंतर तोच पेला टेबलावर जागच्या जागी असतो आणि डोक्याला लावलेला ओला टॉवेल कोरडा, घडी घातलेला. चमत्काराची खात्री नाही, तशी सैतानाचीही नाही. लेखकाने तराजूची दोन्ही पारडी मोकळी ठेवली आहेत.

आता ‘ग्रँड इन्क्विझिटर’. वाचण्यापूर्वी थर मोजावेत. सोळाव्या शतकातल्या सेव्हिल शहरातला नव्वदीचा धर्मन्यायाधीश बोलतो. ते इव्हानने रचलेल्या, पण कागदावर न उतरवलेल्या ‘काव्या’त. ते काव्य तो धाकट्या भावाला तोंडी ऐकवतो. ते ऐकणं निवेदक नोंदवतो. आणि त्या निवेदकाच्या मागे दस्तयेव्हस्की. असे चार थर ओलांडून आलेल्या वाक्यावर ‘दस्तयेव्हस्की म्हणतो’ असा शिक्का मारणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडचं वाक्य न्यायाधीशाच्या नावावर खपवणं. त्याहून मोठी गोष्ट, धर्मन्यायाधीशाच्या त्या सगळ्या भाषणाला येशू एका शब्दानेही उत्तर देत नाही. तो म्हाताऱ्याच्या रक्तहीन ओठांचं चुंबन घेतो, बस्स. मग अल्योशा इव्हानचं चुंबन घेतो आणि इव्हान हसून म्हणतो, ही तर वाङ्मयचोरी. उत्तर कृतीत दिलंय, वाक्यात नाही.

‘देव नसेल तर सगळं काही करायला मोकळीक’ या सुप्रसिद्ध वचनाचंही तेच. ते कोणाच्या तोंडी कुठे येतं, बघा. दुसऱ्या पुस्तकात करमाझोव्हांचा नातेवाईक मिऊसोव्ह इव्हानचं मत म्हणून ते सांगतो. अकराव्यात मीत्या राकितिन या धर्मविद्यार्थ्याशी झालेल्या बोलण्यात ते आणतो, पुढे स्मेरद्याकोव्ह ते इव्हानच्याच अंगावर फेकतो, शेवटी सैतान त्याची टिंगल करतो. एक विचार हातोहाती फिरतो, दर हाती थोडा बदलतो आणि शेवटी त्यातून एक खून होतो. तत्त्वज्ञान म्हणून तो खोडून काढण्याची तसदी लेखक घेत नाही. त्याचा प्रवास दाखवतो.

याच्या उलट दिशेने दुसरा एक विचार प्रवास करतो: प्रत्येक जण सर्वांसमोर, सर्वांसाठी दोषी आहे. तो प्रथम म्हणतो झोसिमाचा थोरला भाऊ मार्केल, सतराव्या वर्षी क्षयाने मरताना. त्याच्याकडून झोसिमाकडे. आणि झोसिमाचा उपदेश कधी न ऐकलेला मीत्या नवव्या पुस्तकात, जबान्या घेऊन झाल्यावर पेटीवर झोप लागते तेव्हा स्वप्नात थंडीने कुडकुडणारं बाळ पाहतो. पुढे तुरुंगात म्हणतो, मी बापाला मारलं नाही, पण त्या बाळासाठी जाईन. जागा झाल्यावर त्याला आधी काय जाणवतं? डोक्याखाली कोणीतरी उशी ठेवलीय. कोणी ठेवली ते कादंबरी सांगत नाही. झोसिमाच्या तीस-चाळीस पानांच्या बोधापेक्षा ती उशी जास्त पटवते. हे मत धार्मिक वाचकांना रुचणार नाही, पण लेखकाचाही अंदाज फार वेगळा नसावा.

त्याचा पुरावा पत्रांत आहे. सहाव्या पुस्तकाबद्दल दस्तयेव्हस्की मनातून धास्तावला होता. ऑगस्ट १८७९ मध्ये त्याने मासिकाचा संपादक ल्युबिमोव्ह याला कळवलं की झोसिमाचे विचार मला मान्य आहेत, पण मी स्वतः बोललो असतो तर वेगळ्या रूपात, वेगळ्या भाषेत बोललो असतो. साधूची भाषा त्याने १८ व्या शतकातल्या तीखोन झादोन्स्की यांच्या प्रवचनांवरून आणि भिक्षू पार्फेनी यांच्या भाबड्या प्रवासवर्णनावरून घडवली. त्याच महिन्यात पोबेदोनोस्त्सेव्ह या सनातनी विचारांच्या उच्चपदस्थ मित्राला लिहिताना त्याने म्हटलं की इव्हानच्या मुद्द्यांना उत्तर मुद्देसूद नाही, आडवळणाने, कलात्मक चित्रातून आहे. ते लोकांना कळेल का, याची त्याला चिंता होती. म्हणजे झोसिमाला लेखकाचा प्रवक्ता ठरवणाऱ्यांना लेखकानेच परस्पर उत्तर देऊन ठेवलंय. ऑर्थोडॉक्स गोटातूनही टीका झाली. कॉन्स्तान्तीन लिओन्त्येव्ह या रशियन विचारवंताने या धर्माला ‘गुलाबी ख्रिस्ती धर्म’ म्हणून हिणवलं: प्रेम भरपूर, देवाचा धाक आणि चर्चची शिस्त कमी. टीका अगदीच हवेतली नाही. झोसिमाच्या मठात उपासनाविधी जवळजवळ दिसत नाहीत.

मात्र सहावं पुस्तक टाळू नका. पाचव्यातली शेवटची प्रकरणं जून १८७९ च्या अंकात आली आणि सहावं पुस्तक ऑगस्टच्या. मधले दोन महिने त्या काळच्या वाचकांकडे फक्त इव्हानचा युक्तिवाद होता. आज तशी सक्ती नाही, तरी अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात. पाचवं, सहावं आणि सातव्याची चार प्रकरणं एका दमात, म्हणजे एका आठवड्यात वाचावीत. सहावं कंटाळवाणं वाटलं तर ते अल्योशाने मागाहून जुळवलेलं टिपण आहे हे आठवावं. संतचरित्राच्या जुन्या साच्यात ते मुद्दाम बसवलंय. आणि लगेच सातव्यात त्या साच्याला तडा जातो: झोसिमाच्या देहाला दुर्गंधी सुटते, चमत्काराची वाट पाहणारा मठ बिथरतो. निवेदक तर म्हणतो की अल्योशावर परिणाम झाला नसता तर हा प्रसंग मी गाळलाच असता. चमत्कार नाकारून श्रद्धा उभी करायची हा डाव इतक्या उघडपणे १९ व्या शतकातल्या फार थोड्या धार्मिक लेखकांनी खेळला असेल.

छोट्या वस्तूंवर लक्ष ठेवा, असं आणखी एक सांगणं. सातव्या शतकातले साधू सीरियाचे इसहाक यांच्या वचनांचं पुस्तक दोनदा येतं. तिसऱ्या पुस्तकात नोकर ग्रिगोरी ते वर्षानुवर्षं वाचतो, समजत काहीच नाही, म्हणूनच त्याला ते प्रिय. अकराव्यात तेच नाव असलेला पिवळा ग्रंथ स्मेरद्याकोव्हच्या टेबलावर दिसतो, आणि खून करून मिळवलेले तीन हजार रूबल तो त्या ग्रंथाखाली झाकतो. कोणी काही बोलत नाही. निवेदक टिप्पणी करत नाही. लेखकाचा आवाज ऐकायचा तर तो अशा ठिकाणी.

दोष आहेत, आणि काही गंभीर आहेत. निवेदकाचा मुखवटा कधीकधी गळून पडतो आणि खालून पूर्वग्रह दिसतो. मोक्रोये गावातल्या मेजवानीतले दोन पोलिश गृहस्थ पत्त्यांत लबाडी करणारे हास्यास्पद पुतळे आहेत, त्यांना कादंबरीतल्या इतर पापी माणसांसारखा आतला आवाजच दिलेला नाही. त्याहून वाईट, अकराव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात अल्योशाची तरुण मैत्रीण लीझा विचारते की यहुदी लोक ईस्टरला मुलं पळवून मारतात हे खरं का, आणि अल्योशा, जो इतर वेळी नेमकं बोलतो, ‘माहीत नाही’ म्हणतो. जॉर्जियातल्या कुतैसीच्या खटल्यात असाच आरोप असलेले यहुदी १८७९ मध्येच निर्दोष सुटले होते. हे उत्तर पात्राच्या स्वभावातून येत नाही, लेखकाच्या द्वेषातून येतं. अनेक आवाज एकमेकांना टक्कर देत राहतात आणि लेखक वरून निकाल देत नाही, ही रशियन समीक्षक बाख्तिनची १९२९ पासूनची मांडणी बहुतेक पानांवर टिकते. या दोन जागी टिकत नाही. बाराव्या पुस्तकातली वकिलांची भाषणंही लांबली आहेत, पण सरकारी वकिलाचं भाषण सोडू नये. त्याचे जवळपास सगळे तपशील बरोबर असतात आणि निष्कर्ष चुकतो. खुणावत वाचलेल्या वाचकाला त्यात आपल्या बखरकाराचीच उलटी सावली दिसते.

तुलनेसाठी टॉलस्टॉयची ‘रिझरेक्शन’ घ्यावी, १८९९ ची. इथे निवेदकाला मुखवटा नाही. पहिल्या भागाच्या ३९ आणि ४० व्या प्रकरणांत तुरुंगातली उपासना आहे. ती कधीच पाहिली नसावी अशा थंडपणे तो पावाचे तुकडे, पेला, वाइन यांचं वर्णन करतो आणि पुढच्या प्रकरणात सरळ फैसला सुनावतो की ख्रिस्ताने नेमकं हेच निषिद्ध ठरवलं होतं. रशियातल्या सेन्सॉरने हे छापू दिलं नाही. फेब्रुवारी १९०१ मध्ये होली सिनॉडने, म्हणजे रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाने, तो चर्चपासून दूर गेल्याचं जाहीर केलं, त्यामागे या पानांचाही वाटा होता. गंमत अशी, की त्याच भागातलं १५ वं प्रकरण, ईस्टरच्या रात्रीची उपासना, रशियन साहित्यातल्या सर्वांत उजळ पानांपैकी आहे. नायिका कात्यूशा भिकाऱ्याला तीनदा चुंबन देऊन सणाचा मान देते, तेव्हा टॉलस्टॉय गप्प असतो. तो गप्प असताना ख्रिस्ती आहे आणि बोलू लागला की उपदेशक. शेवटच्या प्रकरणात नायक नेख्ल्यूदोव्ह डोंगरावरील प्रवचनातून पाच आज्ञा मोजून काढतो, तिथे कादंबरी संपून पत्रक सुरू होतं.

चेखव श्रद्धाळू नव्हता, पण या विषयावर त्याची ‘विद्यार्थी’ ही १८९४ ची चार-पाच पानांची कथा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी शेकोटीपाशी चर्चमधल्या एका सेवकाचा विद्यार्थी मुलगा दोन विधवांना पेत्राने येशूला नाकारल्याची गोष्ट सांगतो, थोरली रडते, आणि भूतकाळ वर्तमानाशी साखळीने जोडलेला आहे असं त्याला वाटून तो आनंदून जातो. शेवटच्या वाक्यात चेखव कंसात एवढंच टाकतो की तो फक्त २२ वर्षांचा होता. ही थट्टा की आशीर्वाद, हे तो सांगत नाही. लेस्कोव्हची ‘सोबोर्याने’ (१८७२) पाद्रीवर्गाचं आतून चित्र देते. प्रोटोपोप (वरिष्ठ पाद्री) तुबेरोझोव्हची रोजनिशी त्यात सर्वांत सरस, बाकीचा पसारा सैल आहे.

शेवटी प्रत कोणती घ्यावी. कॉन्स्टन्स गार्नेटचा १९१२ चा इंग्रजी अनुवाद कॉपीराइटमुक्त असल्याने मोफत मिळतो आणि सहज वाचला जातो. पण त्याच्या मोफत फिरणाऱ्या प्रतीत ‘लेखकाकडून’ हे प्रास्ताविकच नसतं, आणि निवेदकाचं अडखळणं इस्त्री मारल्यासारखं सपाट होतं. या परीक्षणातला मुख्य मुद्दा त्या प्रतीत पुसट दिसतो. पेव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांचा १९९० चा अनुवाद ते अडखळणं, पुनरुक्ती, ‘कसंसं’ सगळं ठेवतो. काही वाक्यं त्यामुळे खडबडीत होतात, पण बायबलचे संदर्भ टिपांत मिळतात आणि पात्रांची यादी असते. ती यादी लागतेच: अल्योशा म्हणजेच अलेक्सेय फ्योदोरोविच, मीत्या म्हणजेच दमीत्री, ग्रूशेन्का म्हणजेच अग्राफेना अलेक्सांद्रोव्हना, हे पहिल्या शंभर पानांत गोंधळवतं. इग्नात अव्हसेयचा १९९४ चा अनुवाद संवादांत चटपटीत आहे, मायकेल कॅट्झचा २०२३ चा मधला मार्ग धरतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याने कॅट्झ घ्यावा. निवेदकाच्या खुणा करत दुसऱ्यांदा वाचणाऱ्याने पेव्हिअर-व्होलोखोन्स्की. गार्नेटच वाचायची असेल तर प्रास्ताविक दुसऱ्या अनुवादातून आधी वाचून घ्यावं. ते दोन-तीन पानांचंच आहे.